आटत्या नदीचे मोजमाप : वाचक विचारतात

पावसाळ्यात कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर किती फूट आणि सांगलीच्या आयर्विन पुलावर किती फूट पाणी हे लहान पोरही सांगते. जानेवारीनंतर पाण्याची पातळी दाखवणारी तीच पट्टी कुणी बघत नाही. खरे तर प्यायचे पाणी किती दिवस पुरेल, खालच्या गावाला किती पोचते, पंप कधी थांबवायचे हे प्रश्न उन्हाळ्यातच येतात आणि तेव्हाच हाताशी आकडे नसतात. पुराच्या पाण्यात दोन सेंटिमीटरची चूक कुणाच्या लक्षातही येत नाही; एप्रिलच्या ओढ्यात त्याच दोन सेंटिमीटरमुळे हिशेब दुप्पट किंवा निम्मा होतो. या वेळी आलेल्या पत्रांत बहुतेक प्रश्न याच अडचणीभोवतीचे आहेत.

आमच्या गावी कोल्हापूर पद्धतीचा बंधारा आहे. बर्गे (पाणी अडवण्याच्या फळ्या) घातल्यापासून पट्टीवरची पातळी फारशी हलत नाही. तरी नदीत पाणीच येत नाही, अशी खालच्या गावांची तक्रार असते. पट्टी चुकते आहे का?
*— एक वाचक, शिरोळ तालुका*

पट्टी बरोबर असणार. तिला विचारलेला प्रश्न वेगळा आहे. बर्गे घातले की बंधाऱ्यामागे डोह तयार होतो आणि पट्टी त्या डोहाची पातळी दाखवते. वरून येणारे पाणी, पंपांनी उचललेले, उन्हाने उडालेले आणि फटींतून गळणारे पाणी यांची बेरीज-वजाबाकी शून्याच्या आसपास असली की पातळी स्थिर राहते. खाली एक थेंबही जात नसला तरी ती स्थिर राहू शकते. म्हणून बर्गे घातलेल्या काळात पातळीवरून विसर्ग, म्हणजे सेकंदाला किती पाणी वाहते ते, काढायचा नाही. पावसाळ्यातला पातळी-विसर्गाचा तक्ता इथे लावणे ही सर्रास होणारी चूक आहे.

खाली किती जाते हे बंधाऱ्याच्या खालीच मोजावे लागते. बर्ग्यांच्या दोन ओळींमध्ये भरलेली माती धुपली की गळती वाढते. ती गळती ५०-१०० मीटर खाली, जिथे एका धारेत गोळा होते, तिथे मोजा. पुढच्या बंधाऱ्याचा फुगवटा तुमच्या बंधाऱ्याच्या पायथ्यापर्यंत आला असेल तर अशी धार मिळतच नाही. मग डोहाचाच हिशेब मांडायचा.

समजा डोह ५ किलोमीटर लांब आणि सरासरी ८० मीटर रुंद आहे. क्षेत्रफळ झाले ४ लाख चौरस मीटर. पातळी एका दिवसात १ सेंटिमीटर उतरली म्हणजे ४,००० घनमीटर पाणी गेले, दिवसभराच्या सरासरीने सेकंदाला ४६ लिटर. आता यातले उन्हाने किती गेले? एप्रिल-मेमध्ये पठारावर बाष्पीभवन-पात्रातून दिवसाला साधारण १० मिलिमीटर पाणी उडते. उघड्या पाण्यासाठी तो आकडा ०.७ ने गुणतात, म्हणजे ७ मिलिमीटर. या डोहातून २,८०० घनमीटर, सेकंदाला ३२ लिटर, नुसते उडून जातात. वरून काही येत नसेल तर उरलेले सेकंदाला १४ लिटर पंप, पाझर आणि गळती यांचे.

या हिशेबाला मिलिमीटरचे वाचन लागते आणि उघड्या पट्टीवर वाऱ्याच्या लाटांमुळे ते मिळत नाही. पट्टीशेजारी चार इंची पीव्हीसी पाइप उभा करा. त्याचे तळाचे तोंड बंद करून बाजूला ५-६ मिलिमीटरची दोन-तीन भोके पाडा. आतले पाणी शांत राहते. भोके गाळाने बुजतात, म्हणून महिन्यातून एकदा पाइपात बादलीभर पाणी ओतून बघा. पातळी लगेच उतरून बाहेरच्या पाण्याला आली तर भोके मोकळी आहेत.

पाणी पट्टीच्या खाली गेले आहे. वहीत शून्य लिहायचे का?
*— ग्रामपंचायत सदस्य, माण तालुका*

नाही, कधीही नाही. पट्टीचा शून्य हा कुणीतरी ठरवलेला बिंदू असतो. प्रवाह ज्या पातळीला थांबतो ती वेगळी. पाणी पट्टीच्या खाली गेले तरी नदी वाहत असू शकते, आणि पट्टीवर ४० सेंटिमीटर पाणी दिसत असतानाही नदी थांबलेली असू शकते, कारण पट्टी बहुतेक वेळा डोहात असते.

डोहाच्या खालच्या अंगाला खडकाचा किंवा गोट्यांचा उंबरा असतो. त्यावरून पाणी ओसंडते तोवर प्रवाह चालू. उंबऱ्याचा सर्वांत खालचा बिंदू शोधा, त्यावर किती खोल पाणी आहे ते मोजा आणि त्याच वेळच्या पट्टीच्या वाचनातून ते वजा करा. पट्टीवर ६२ सेंटिमीटर आणि उंबऱ्यावर ८ सेंटिमीटर पाणी असेल, तर ५४ ला प्रवाह थांबणार. हा आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. उंबरा वाळूचा असेल तर प्रत्येक पुरानंतर आणि वाळूउपशानंतर तो बदलतो, तेव्हा पुन्हा मोजा. उंबऱ्यावर शेवाळ, पाणवनस्पती किंवा जलपर्णी अडकली की विसर्ग न वाढता पातळी वर चढते. ती काढायची असेल तर काढण्याआधी आणि नंतर अशी दोन्ही वाचने वेळेसह नोंदवा.

वहीत चार गोष्टी वेगळ्या शब्दांत लिहा: ‘वाहते आहे, पट्टीच्या खाली’, ‘डोह आहे, प्रवाह नाही’, ‘पात्र कोरडे’ आणि ‘वाचन घेतले नाही’. चौघांच्या जागी एकच शून्य पडला की दहा वर्षांनी त्या वहीचा काही उपयोग राहत नाही. नदी कोणत्या तारखेला थांबली आणि कोणत्या तारखेला पुन्हा वाहू लागली, या दोन तारखा कोणत्याही आकड्याइतक्याच मोलाच्या आहेत.

खाली नवी पट्टी बसवताना ती जुन्या पट्टीशी डम्पी लेव्हलने (दोन जागांच्या उंचीतला फरक मोजणारी दुर्बीण) जोडा आणि पुलाच्या कठड्यासारख्या न हलणाऱ्या जागी कायम खूण करा. ऋण आकडे टाळण्यासाठी जुन्या पट्टीचे आकडे मागाहून बदलू नका. त्याने मागची सगळी वाचने निरर्थक होतात.

गावच्या ओढ्यात घोटाभर पाणी आहे. यंत्राविना विसर्ग कसा मोजावा? किती विश्वास ठेवता येईल?
*— पाणलोट समिती, पुरंदर तालुका*

यंत्राविना तीन रीती आहेत. पाणी किती आहे त्यावर निवड ठरते.

सेकंदाला ३-४ लिटरपर्यंतची धार असेल तर बादली. पाणी मातीचा छोटा बांध घालून एका पाइपातून काढा आणि १५ लिटरची बादली भरायला किती सेकंद लागतात ते पाहा. ६ सेकंद लागले तर सेकंदाला अडीच लिटर. पाच वेळा मोजून सरासरी घ्या. बादलीवरचा आकडा खरा मानू नका, एकदा मापाने भरून खूण करा. बांधाच्या बाजूने किंवा खालून पाणी झिरपत नाही ना, एवढेच पाहायचे. यापेक्षा अचूक रीत दुसरी नाही.

दुसरी तरंगत्या वस्तूची रीत सगळ्यांना माहीत असते आणि उन्हाळ्यात तिनेच सर्वांत जास्त फसगत होते. संत्रे किंवा निम्मी भरलेली लहान बाटली सोडायची, सरळ तुकड्यात ठरावीक अंतराला लागणारा वेळ घ्यायचा, वेगाला छेदाच्या क्षेत्रफळाने गुणायचे. पृष्ठभागाचा वेग सरासरी वेगापेक्षा जास्त असल्याने गुणकाने तो कमी करायचा. बहुतेक पुस्तकांत ०.८५ दिलेला असतो. तो खोल, गुळगुळीत पात्राचा. गोट्यांच्या उथळ ओढ्यात तो ०.६५-०.७ च्या आसपास येतो. २ मीटर रुंद, सरासरी १२ सेंटिमीटर खोल ओढ्यात वस्तूने ६ मीटर अंतर २० सेकंदांत कापले, तर एका गुणकाने ६१ लिटर येतात, दुसऱ्याने ४७. खोलीतही तसेच. १२ सेंटिमीटरच्या जागी १० वाचली की तिथेच १७ टक्के गेले. म्हणून ही रीत ‘साधारण किती’ एवढ्यासाठीच वापरा. ती वापरायचीच असेल तर दर २०-२५ सेंटिमीटरला खोली घ्या, मधले मोठे गोटे बाजूला सारून पात्र नीट करा आणि वाऱ्याची वेळ टाळा.

तिसरी रीत ९० अंशांची व्ही-नॉच, म्हणजे पत्र्यात कापलेली व्ही आकाराची खाच, आणि हंगामभर मोजायचे असेल तर आमचा कौल तिलाच. ३ मिलिमीटरचा लोखंडी पत्रा घ्या, सुमारे १२० सेंटिमीटर रुंद आणि ८० सेंटिमीटर उंच. वरच्या कडेच्या मध्यापासून ३५ सेंटिमीटर खोल, वर ७० सेंटिमीटर रुंद असा त्रिकोण कापा. खाचेची कड खालच्या प्रवाहाकडे तिरपी घासून १-२ मिलिमीटर जाड ठेवा आणि वरच्या प्रवाहाकडची बाजू सपाट असू द्या. पत्रा ओळंब्यात उभा करा, दोन्ही काठांत नीट घुसवा आणि वरच्या बाजूने प्लॅस्टिकचा कागद व चिकणमाती लावून बंद करा.

खाचेच्या तळापासून पाण्याची उंची मोजायची, पण खाचेत नाही. खाचेजवळ पाणी खाली झुकलेले असते. पट्टी सर्वांत मोठ्या उंचीच्या चौपट अंतरावर, म्हणजे इथे सव्वा मीटर वर बसवा. पट्टीचा शून्य लेव्हल-पाइपने खाचेच्या टोकाशी जुळवा. ‘पाणी पडायचे थांबले तिथे शून्य’ असे करू नका. पाणी कडेला चिकटून काही मिलिमीटर वर थांबते आणि चूक कायमची वाचनात बसते.

उंची मीटरमध्ये धरून तिचा अडीचावा घात करा आणि १.३८ ने गुणा, विसर्ग घनमीटर प्रतिसेकंद येतो. तयार आकडे, सेकंदाला: ५ सेंटिमीटरला ०.७७ लिटर, १० ला ४.४, १५ ला १२, २० ला २४.७, २५ ला ४३, ३० ला ६८. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला २८.३ लिटर, तो साधारण २१ सेंटिमीटरला येतो. उंची दुप्पट झाली की विसर्ग साडेपाच पटींहून जास्त होतो, त्यामुळे वाचनातली चूकही फुगते. ५ सेंटिमीटरला ५ मिलिमीटर चुकलात तर विसर्ग २७ टक्क्यांनी चुकतो. २० सेंटिमीटरला तीच चूक ६ टक्के. उंची ६ सेंटिमीटरच्या खाली गेली की बादलीकडे वळा.

बिघडते काय? पडणारी धार पत्र्याला चिकटून उतरते, तेव्हा आकडे खोटे. धारेखाली हवा खेळली पाहिजे. त्यासाठी खालचे पाणी खाचेच्या टोकापेक्षा किमान ५ सेंटिमीटर खाली हवे. मागे गाळ साचला की पाणी वेगाने खाचेवर येते आणि उंची कमी दिसते, म्हणून गाळ काढत राहा. पाचोळा खाचेत अडकणे तर रोजचेच. काढा, दहा-पंधरा मिनिटे थांबा, मग वाचा. पावसाळ्यापूर्वी पत्रा काढून ठेवायला विसरू नका.

दगडधोंड्यांत खळाळणाऱ्या ओढ्यात यांतले काहीच जमत नाही. तिथे मीठ आणि कंडक्टिव्हिटी मीटर (पाण्याची वीजवाहकता मोजणारे यंत्र; मिठाने ती वाढते). ५०० ग्रॅम मीठ बादलीभर पाण्यात पूर्ण विरघळवून एकदम ओता, ओढ्याच्या रुंदीच्या सुमारे २५ पट अंतरावर खाली दर ५ सेकंदांनी वाचन घ्या, वाचन मूळपदावर येईपर्यंत. प्रत्येक वाचनातून मूळ वाचन वजा करून बेरीज करा आणि ५ ने गुणा. समजा ५०,००० आले. साध्या मिठाचे लिटरला अर्धा मिलिग्रॅम सुमारे १ मायक्रोसीमेन्स वाढवते. म्हणजे २५,००० मिलिग्रॅम, अर्थात २५ ग्रॅम. ५०० भागिले २५, विसर्ग सेकंदाला २० लिटर. अर्ध्याचा हा गुणक त्याच ओढ्याच्या पाण्यात मोजून मीठ घालून एकदा तपासून घ्या. ओतण्याची जागा आणि मोजण्याची जागा यांच्या मध्ये साचलेला डोह नको. मीठ तिथे अडकून तासभर झिरपत राहते.

रोज सकाळी पाणी जास्त आणि संध्याकाळी कमी दिसते. मोजण्यात चूक होते का?
*— एक शेतकरी, नेवासा तालुका*

चूक नसावी. काठची झाडे आणि गवत दिवसा पाणी ओढतात, रात्री ओढ थांबते, म्हणून लहान ओढ्यात पहाटे प्रवाह वाढतो आणि दुपारनंतर घटतो. पण महाराष्ट्रात त्याहून मोठे कारण शेतीपंप. एकूण २० मीटर उंचीवर पाणी चढवणारा ५ एचपीचा पंप सेकंदाला ९-१० लिटर उचलतो. असे तीन पंप चालू झाले की नदीतला एक क्युसेक गेला. थ्री-फेज वीज ठरावीक तासच असते आणि फीडरची पाळी दिवसाची रात्रीवर जाते, तेव्हा नदीचा रोजचा चढउतारही उलटतो.

केंद्रीय जल आयोगाच्या ठाण्यांवर रोजचे वाचन सकाळी ८ ला होते. तुम्हीही ८ चे वाचन ठेवा, म्हणजे आकडे जुळवून पाहता येतील. मात्र आठवड्यातून एक दिवस दर दोन तासांनी २४ तास वाचा आणि शेजारी वीज कधी होती ते लिहा. ८ चे वाचन दिवसाच्या सरासरीपेक्षा किती वर किंवा खाली असते हे त्यातून कळते. वीज नसलेल्या रात्रीचे पहाटेचे वाचन नदीच्या खऱ्या पाझराच्या सर्वांत जवळचे असते.

स्वयंचलित सेन्सर बसवला, पण दुपारी पातळी ४-५ सेंटिमीटर बदलते. पाणी तर स्थिर आहे.
*— अभियांत्रिकीचे विद्यार्थी, नाशिक*

पुलाखाली लावलेला अल्ट्रासॉनिक सेन्सर असेल तर कारण तापमान. हवेतला ध्वनीचा वेग एका अंशाला सुमारे ०.१७ टक्के बदलतो. पाणी ३ मीटर खाली आहे आणि सेन्सरला कळलेले तापमान खऱ्या हवेपेक्षा १० अंशांनी चुकले, तर ५ सेंटिमीटरची चूक होते. सेन्सरचा डबा उन्हात तापतो आणि तो आपल्याच डब्याचे तापमान धरून हिशेब करतो. वर हवा खेळती राहील असे पांढरे छत लावा, तापमापक वेगळा सावलीत ठेवा. रडार सेन्सरला हा त्रास जवळपास नसतो.

पाण्यात बुडवलेला दाबमापक असेल तर कारण हवेचा दाब. आपल्याकडे उन्हाळ्यात सकाळी दहाच्या सुमाराला दाब सर्वांत जास्त आणि दुपारी चारला सर्वांत कमी असतो, फरक ३-४ हेक्टोपास्कल. एक हेक्टोपास्कल म्हणजे पाण्याचा एक सेंटिमीटर. हवेची नळी नसलेला दाबमापक हा फरक पाण्याचा समजतो. काठावर दुसरा दाबमापक हवेत ठेवून वजाबाकी करा. दोन्ही घड्याळे एकाच वेळेवर हवीत. सेन्सर कोणताही असो, आठवड्याला एकदा पट्टी डोळ्यांनी वाचून ताळा घ्या.

आमची नदी जानेवारीतच कोरडी पडते, पण वाळूत झिरा खणला की पाणी लागते. याचे मोजमाप कसे?
*— शिक्षिका, सांगोला तालुका*

पात्र कोरडे आहे आणि नदी वाळूखालून हळूहळू सरकते आहे. इथे विसर्गापेक्षा वाळूतली पातळी मोजणे जास्त कामाचे. दोन इंची पीव्हीसी पाइपाच्या तळाच्या एक मीटरला करवतीने बारीक चिरा पाडा, जाळी गुंडाळा, पाइप पाण्याखाली दीड-दोन मीटर जाईल असा पुरा आणि वर टोपण लावा. पात्रात एक आणि काठच्या विहिरीत एक अशी दोन वाचने आठवड्याला घ्या, दोन्हींच्या तोंडाची उंची लेव्हलने जोडून. विहिरीतले पाणी वाळूतल्या पाण्यापेक्षा वर असेल तर जमीन नदीला पाणी देते. खाली असेल तर विहिरी नदीचे पाणी ओढत आहेत. वाचन पंप बंद होऊन काही तास झाल्यावरच, शक्यतो पहाटे. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चारदा घेते. तिच्याशी तुलना करता यावी म्हणून जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरची तुमची वाचने चुकवू नका.

उजनी ‘उणे २० टक्के’ म्हणजे नेमके किती पाणी?
*— एक वाचक, पंढरपूर*

टक्के उपयुक्त साठ्याचे असतात. भीमेवरच्या उजनी धरणाचा उपयुक्त साठा ५३.५७ टीएमसी (अब्ज घनफूट) आणि त्याखालचा मृतसाठा ६३.६६ टीएमसी. उणे २० टक्के म्हणजे मृतसाठ्यातले १०.७१ टीएमसी वापरले, कागदावर ५२.९५ उरले. मृतसाठ्यात गाळही बसलेला असल्याने प्रत्यक्ष पाणी याहून कमी. भीमेत सोडलेल्या पाण्याचा हिशेब करताना लक्षात ठेवा: सतत ११,५७४ क्युसेक एक दिवस सोडले की एक टीएमसी होतो. त्यातले पुष्कळ पाणी कोरडे पात्र भिजवण्यात, वाटेतले बंधारे भरण्यात आणि पंपांत जाते. म्हणून सोडलेला आकडा आणि खाली पोचलेला आकडा नेहमी वेगवेगळे मागा.

ओढ्याचे पाणी किती दिवस पुरेल हे आधी सांगता येते का?
*— सरपंच, आटपाडी तालुका*

पाऊस नाही आणि उपसा सारखाच आहे असे धरले तर बऱ्यापैकी सांगता येते. पाझराचे पाणी समान आकड्याने घटत नाही, समान प्रमाणाने घटते. १ जानेवारीला सेकंदाला ४० लिटर आणि ११ जानेवारीला ३४ लिटर असेल, तर दहा दिवसांत १५ टक्के घट. पुढे दर दहा दिवसांनी ०.८५ ने गुणत जा: २८.९, २४.६, २०.९, १७.८, १५.१, १२.८, १०.९, ९.३. गावाची गरज १० लिटर असेल तर मार्च अखेरीला टँकरची तयारी हवी, हे जानेवारीतच कळले.

दोन वाचनांवर विसंबू नका, किमान पाच-सहा घ्या आणि सेमी-लॉग कागदावर (उभा अक्ष लॉग प्रमाणाचा असलेला आलेख-कागद) मांडा. बिंदू सरळ रेषेत यायला हवेत. रेषा मध्येच खाली मोडली तर नवे पंप लागले आहेत किंवा झाडे पालवली आहेत. वर वळली तर जवळच्या कालव्याला आवर्तन सुटले असेल, तो पाझर आवर्तनाबरोबर संपणार. वळीव पडून पाणी वाढले की जुनी रेषा तिथेच सोडा, पाणी उतरून चार दिवस जाऊ द्या आणि नव्या वाचनापासून हिशेब पुन्हा मांडा.